चंडालिका : मूळ कथा आणि तिची रूपे



आमच्यासारख्या बँकेतील कारकुनाला साहित्यावर बोलायला उभे केले, हा संयोजकांचा मोठेपणा आहे. आम्ही कला शाखेची पदवी घेतली खरी, पण पुढचे दिवस व्हाउचर आणि पासबुकात गेले. म्हणून सुरुवातीचे उदाहरणही तिथलेच देतो. ग्राहकाच्या हातात पासबुक असते आणि त्यात व्यवहाराची एक ओळ छापलेली असते. ती ओळ कशावरून आली, हे सांगणारे व्हाउचर मात्र बँकेत असते. ओळ पाहून तक्रार करणारे पुष्कळ भेटतात, व्हाउचर दाखवा म्हणणारा एखादाच. जुन्या कथेवर नवे नाटक, काव्य किंवा चित्रपट निघतो तेव्हाही असेच होते. लोक नवे रूप पाहतात आणि त्यावरून मूळ कथेबद्दल मत बनवतात. कोणी मूळ कथा वाचलेली असते, तो तिच्या मापाने नव्या रूपाला नावे ठेवतो. आज आपण हा विषय प्रकृती या चांडाळ कन्येच्या कथेवरून पाहू, कारण ही कथा आपल्या फार जवळची आहे.

मूळ कथा 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथातील 'शार्दूलकर्णावदाना'त आहे. श्रावस्तीत स्थविर आनंद तहानलेले असताना विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रकृतीकडे पाणी मागतात. आपण चांडाळ कन्या आहोत, असे ती सांगते. मी जात विचारली नाही, पाणी मागितले, असे आनंद तिला म्हणतात. पाणी पिऊन ते निघून जातात आणि प्रकृतीचे मन त्यांच्यावर जडते. तिची आई मंत्रतंत्र जाणणारी असते. मंत्राच्या बळाने आनंद तिच्या घरापर्यंत ओढले जातात, व्याकूळ होऊन भगवंतांचे स्मरण करतात आणि भगवंत त्यांना सोडवतात. पुढे प्रकृती स्वतः भगवंतांकडे जाते आणि भिक्खुणी होते.

पुष्कळांना एवढीच कथा माहीत आहे. परंतु मूळ ग्रंथात खरा भाग यानंतर सुरू होतो. चांडाळाची मुलगी संघात घेतली म्हणून श्रावस्तीतील ब्राह्मण आणि गृहस्थ खवळतात. ही मुलगी उच्च कुळांच्या घरी कशी जाणार, असा त्यांचा सवाल असतो. राजा प्रसेनजितही भगवंतांकडे येतो. तेव्हा भगवंत पूर्वीची एक हकीकत सांगतात. त्रिशंकू नावाचा मातंगांचा राजा होता. (पुराणातला अधांतरी लटकणारा त्रिशंकू तो हा नव्हे.) आपला मुलगा शार्दूलकर्ण याच्यासाठी तो पुष्करसारी या ब्राह्मणाच्या मुलीला मागणी घालतो. ब्राह्मण संतापतो. त्रिशंकू शांतपणे वाद घालतो. राख आणि सोने यांत फरक दिसतो, तसा ब्राह्मण आणि इतर माणसे यांत दिसतो काय? झाडांच्या आणि जनावरांच्या जाती त्यांच्या खुणांवरून ओळखू येतात, माणसात अशी खूण कुठे आहे? वेद आणि नक्षत्रविद्या यांतही तो त्या ब्राह्मणाला निरुत्तर करतो आणि शेवटी विवाह होतो. म्हणजे प्रेमाची हकीकत हे या कथेचे दार आहे, आतले घर जातिविचाराचे आहे.

आता या कथेची नवी रूपे पाहू. फ्रेंच पंडित बर्नूफ यांनी १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. त्यातून ही कथा जर्मन संगीतकार वाग्नर यांच्या हाती गेली. १८५६ साली त्यांनी तिच्यावर एका संगीत नाटकाचा आराखडा केला. ते नाटक पुढे कधीच पुरे झाले नाही. त्या आराखड्यात प्रकृती मागच्या जन्मी ब्राह्मण कन्या असते, चांडाळ राजपुत्राचे प्रेम ती गर्वाने झिडकारते आणि म्हणून या जन्मी चांडाळ होते. मूळ कथेत नकार मुलीचा नाही, तिच्या बापाचा आहे, आणि तोही वादात हरून संमती देतो. जेथे जातीचा गर्व हरला, तेथे जात ही शिक्षा होऊन बसली. ज्याने केवळ हा आराखडा वाचला, तो म्हणेल की बौद्ध कथाही जात म्हणजे मागल्या जन्माचे फळ असेच सांगते. बदल एका ओळीचा, पण सगळ्या ग्रंथाबद्दलचे मत फिरले.

दुसरे रूप केरळातले आहे. नारायण गुरूंचे शिष्य महाकवी कुमारन आशान यांनी १९२२ च्या सुमारास मल्याळम भाषेत 'चंडालभिक्षुकी' हे काव्य लिहिले. त्यांनी राजाचे येणे आणि भगवंतांनी जातीविषयी दिलेले उत्तर गाळले नाही. ज्या समाजाला देवळाजवळच्या रस्त्यावरून चालण्याचीही बंदी होती, त्या समाजातला हा कवी होता. १९२४ साली वायकोमचा सत्याग्रह झाला तो अशाच रस्त्यांसाठी. आपल्या माणसांना या कथेतील कोणता भाग हवा आहे, हे आशान यांना नेमके ठाऊक होते.

तिसरे रूप सर्वांत प्रसिद्ध, रवींद्रनाथांचे 'चंडालिका'. राजेंद्रलाल मित्र यांच्या नेपाळमधील संस्कृत बौद्ध साहित्यावरील इंग्रजी ग्रंथात या कथेचा सारांश होता, तो रवींद्रनाथांनी घेतला. गद्य नाटक १९३३ चे आणि नृत्यनाट्य १९३८ चे. त्याआधी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला आणि येरवड्याला गांधीजींचे उपोषण सुटताना रवींद्रनाथ तेथे हजर होते. पाणी कोणी द्यावे आणि कोणी घ्यावे, हा प्रश्न तेव्हा देशभर पेटलेला होता.

या नाटकावर आपल्याकडे दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, रवींद्रनाथांनी एका थोर भिक्खूला मंत्राने ओढून आणून खाली दाखवले. हा आक्षेप मूळ कथा न वाचता घेतलेला आहे. आनंद ओढले जातात हे मूळ ग्रंथातच आहे. फरक सुटकेत आहे. मूळ कथेत भगवंतांच्या सामर्थ्याने आनंद सुटतात. नाटकात आनंदांचा म्लान चेहरा पाहून प्रकृतीलाच आपल्या कृत्याची लाज वाटते, मंत्र मागे घेतला जातो आणि त्यात आईचा प्राण जातो. म्हणजे सुटकेची सुरुवात रवींद्रनाथांनी त्या मुलीच्या मनात ठेवली. नृत्यनाट्याच्या आरंभी दहीवाला आणि बांगडीवाला तिला टाळून जातात. अशा मुलीला कोणीतरी प्रथमच माणूस म्हणून पाणी मागतो, तेव्हा तिला नवा जन्म झाल्यासारखे वाटते. हे वाचून पुन्हा मूळ ग्रंथाकडे गेलो की विहिरीवरचा तो लहानसा प्रसंग आपल्याला मोठा दिसू लागतो. नव्या रूपाने मूळ कथेवर केलेला हा उपकार आहे.

दुसरा आक्षेप असा की, ही शेवटी एका मुलीच्या मोहाची गोष्ट आहे, तिच्यात आपले काय? हा आक्षेप नाटकापुरता अगदी निराधार नाही. प्रसेनजित राजा, त्रिशंकूचा वाद आणि प्रकृतीची प्रव्रज्या या तिन्ही गोष्टी नाटकात नाहीत. पडदा पडतो तेव्हा आनंद बुद्धस्तुती करीत असतात आणि प्रकृतीचे पुढे काय झाले हे प्रेक्षकाला कळत नाही. १९५९ च्या 'सुजाता' या हिंदी चित्रपटात अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या नायिकेच्या हकीकतीत 'चंडालिके'चा प्रवेश येतो. तोही प्रवेश पाण्याचा, संघाचा नव्हे.

चौथे रूप बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी ही कथा स्त्रियांच्या धम्मदीक्षेच्या भागात, महाप्रजापती गौतमीनंतर लगेच घेतली. तेथे आई आनंदांना आगीची धमकी देते, पण आनंद डळमळत नाहीत. भगवंत प्रकृतीला दटावत नाहीत, तिच्याशी बोलतात, तिला विचार करायला लावतात आणि ती संघात येते. बाबासाहेबांनीही त्रिशंकूचा वाद येथे घेतला नाही, पण तो विचार ग्रंथात अन्यत्र ठायी ठायी आहे. त्यांनी प्रकृतीला राजकन्यांच्या पंगतीत आणून बसवले. त्या मांडणीतच उत्तर आले.

बंधूभगिनींनो, एका कथेची ही चार रूपे आहेत. प्रत्येकाने काही ठेवले आणि काही गाळले. गाळणे हा गुन्हा नव्हे. तीन तासांच्या नाटकात सगळा ग्रंथ मावत नाही. परंतु जे गाळले गेले ते मुळातही नव्हते, असे प्रेक्षकाने समजणे हे नुकसान आहे, आणि ते आपल्याला परवडणारे नाही. आपल्या मुलींनी रंगमंचावर घागर घेऊन नाचणारी प्रकृती पाहिली आणि चीवर घातलेली प्रकृती पाहिलीच नाही, तर त्यांच्या मनात कोणती प्रकृती राहील? तसेच, ज्यांनी मूळ कथा वाचली आहे त्यांनी केवळ वेगळे आहे म्हणून नाटकाला हसू नये. नाटक झाले नसते तर मूळ ग्रंथाची आठवण तरी किती जणांनी काढली असती?

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. आपल्या वसाहतीत मुलांनी 'चंडालिका' जरूर बसवावी. प्रयोगाआधी पाच मिनिटे एका मुलीने मूळ कथा वाचून दाखवावी. प्रयोग संपल्यावर राजा प्रसेनजित येतो आणि भगवंत त्याला त्रिशंकूची हकीकत सांगतात, एवढा छोटा प्रवेश आपल्या मुलांनीच लिहून जोडावा. तो रवींद्रनाथांचा नाही, आमचा आहे, असे स्पष्ट सांगूनच करावा. म्हणजे नाटकाचा मान राहील, मूळ कथेचाही राहील आणि आपली मुले दोन्ही ताडून पाहायला शिकतील.



जयभीम! नमो बुद्धाय!