आपल्याच नगरात पाहुणे

(कोल्हापुरातील एका कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



परगावचे पाहुणे आले की कोल्हापूरकराचा दिवस ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचे दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, सायंकाळी रंकाळ्यावर भेळ आणि परतीच्या पिशवीत चपलांचा जोड. पाहुणे तृप्त होतात, यजमानही तृप्त होतो. पण त्याच घरातील नववी-दहावीच्या मुलाला, शिवाजी चौकातील महाराजांचा अर्धपुतळा कोणी घडविला, असे विचारून पाहावे. बहुधा तो गप्प राहील आणि वडील विषय बदलतील.

त्या चौकात पूर्वी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. १९४३ मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हवीरी या दोन स्त्रियांनी तो विद्रूप करण्याचे धाडस केले. १९४५ मध्ये त्याच जागी शिवछत्रपती विराजमान झाले. पुढाकार भालजी पेंढारकरांचा, घडविणारे हात बाबूराव पेंटर यांचे. बाबूराव हे नाव आपण चित्रपटाशी जोडतो, तेही योग्यच आहे. बाबूराव आणि नात्याने त्यांचे भाऊ असलेले आनंदराव या दोघा मेस्त्रींनी चित्रपटाचा कॅमेरा येथेच, आपल्या हातांनी बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही. १९१८ मध्ये कॅमेरा पुरा झाला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. त्यांचेच पुत्र रवींद्र मेस्त्री यांनी कावळा नाक्यावरील ताराराणींचा अश्वारूढ पुतळा घडविला. घोड्याचा सारा भार मागच्या दोन पायांवर तोललेला आहे. सिग्नलला गाडी थांबते तेवढ्या वेळात मान वर केली तरी हे कौशल्य दिसते. आपण मात्र सिग्नलचे आकडे मोजत असतो.

हे सारे फुलले ते राजाश्रयाने, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरे आहे, परंतु अर्धेच. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. १९५२ मध्ये खाशाबांना हेलसिंकीला जायचे होते आणि पैसे नव्हते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राजा गेल्यावर आश्रय कोणी द्यायचा, या प्रश्नाचे उत्तर एका शिक्षकाने असे तीन वर्षांतच देऊन ठेवले होते. आपण पदकाची मिरवणूक लक्षात ठेवली, गहाणखत विसरलो.

आश्रय तुटला म्हणजे काय होते, हेही या नगराने पाहिले आहे. आबालाल रहिमान हे शाहू छत्रपतींच्या दरबारचे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखा राहिला आणि कोल्हापूरचे पाणी, झाडे, सायंप्रकाश रंगवीत राहिला. १९२२ मध्ये महाराज निवर्तले. त्या आघाताने आबालालांनी आपली कितीतरी चित्रे तळ्यात सोडून दिली, असे सांगितले जाते. १९३१ मध्ये ते गेले. त्यांनी पाहिलेला रंकाळा अजून आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की संध्यामठ पायापर्यंत उघडा पडतो, पावसाळ्यात पुन्हा बुडू लागतो. भल्या सकाळी टिबुकल्या बुड्या मारतात, आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे पक्षी संथ पोहत असतात. त्या टिळ्यामुळे आपल्या पूर्वजांनी त्यांचे नाव ठेवले वारकरी! ज्यांना हे नाव सुचले ते लोक तळ्याकाठी थांबून पाहत असणार. आज फेऱ्या मोजत चालणाऱ्यांना थांबायला सवड नाही.

तळी तर किती हरवली. कपिलतीर्थावर भाजी मंडई आहे, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आहे. तेथे पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की पेठा ओस पडतात. नावे तालमींची, खेळ फुटबॉलचा. ही गंमत कोल्हापुरातच घडते. या मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण आपल्यापैकी किती कुटुंबे मुलींना घेऊन तो सामना पाहायला जातात? प्रेक्षकांतील शिवीगाळ हे कारण पुढे येते आणि ते खोटे नाही. मात्र सभ्य माणसांनी पाठ फिरविली म्हणून शिवीगाळ कमी झालेली नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली ही वास्तू. शेजारी १९१२ मध्ये शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान. १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आलेल्या राजाने कुस्ती आणि नाटक पाठीला पाठ लावून बसविले होते. त्या रात्री रंगमंच गेला, छत गेले, आसने गेली. दगडी भिंती उरल्या. दुसऱ्या दिवशी तेथे रडणारी माणसे होती आणि ते अश्रू खरे होते. पुनर्बांधणीचे काम शासनाने हाती घेतले. दगड, लाकूड, पत्रा शासन देईल. तिकीट काढून खुर्चीवर बसणारा माणूस शासनाला देता येत नाही. गेल्या दहा वर्षांत आपण तेथे किती नाटके पाहिली होती, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे. फुकट पासावरची त्यात धरू नयेत.

अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतील आपले घर चित्रांसह शासनाच्या स्वाधीन केले. तेथे त्यांचे संग्रहालय आहे. निसर्गचित्रे आहेत, कोरड्या भुकटीने छटा भरून काढलेली पावडर शेडिंगची चित्रे आहेत. पडद्यावर तलवार चालविणाऱ्या या माणसाचे बोट कागदावर किती हलके फिरत होते, ते समोर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पुढच्या खेपेस पाहुणे येतील तेव्हा त्यांना येथे न्यावे, घरच्या मुलांनाही बरोबर घ्यावे. मुले कंटाळली तर कंटाळू द्यावीत. सायंकाळी रंकाळ्यावर भेळ आहेच.