पंचावन्न हजारांची मोटार

बैल विकत घेणारा शेतकरी ज्यांनीं बाजारांत पाहिला आहे, त्यांस त्याची सावधगिरी ठाऊक असेल. तो प्रथम किंमत विचारीतच नाहीं. जनावराच्या तोंडांत हात घालून दात पाहतो, खांद्यावरून हात फिरवितो, चार पावलें चालवून बघतो आणि गाड्यास जुंपून पाहिल्यावांचून दलालाच्या उपरण्याखालीं बोट देत नाहीं. हाच शहाणा मनुष्य, किंवा त्याचा पदवीधर मुलगा, जुनी मोटार घ्यावयास निघाला म्हणजे मात्र प्रथम किंमत ऐकतो. आणि ती कमी आहे एवढ्यानेंच त्याच्या मनांत अर्धा सौदा पटून जातो. पुढें जी पाहणी होते ती झालेल्या निश्चयास आधार शोधण्यापुरती.

वाई येथील एका वृद्ध जोडप्याच्या घरीं २०२५ च्या मे महिन्यांत असाच प्रश्न उभा राहिला. गृहस्थ टपालखात्यांतून निवृत्त झालेले. पत्नीचीं मूत्रपिंडें निकामी झालेलीं. त्यामुळें दर मंगळवारीं व शुक्रवारीं तिला डायलिसिसकरितां साताऱ्यास न्यावें लागे. यंत्राला जोडून चार तास, जाण्यायेण्याचे दोन तास. एस. टी.च्या भाड्याचा प्रश्न नव्हता; मार्च २०२३ पासून स्त्रियांना तें निम्मेंच पडतें. परंतु यंत्रावरून उठलेल्या रोग्याचा रक्तदाब उतरतो, पाय लटपटतात, आणि अशा स्थितींत गर्दीच्या स्थानकावर तासभर तिष्ठत राहणें हें धडधाकट माणसानें सुचवावें इतकें सोपें नाहीं. म्हणून भाड्याची मोटार करावी लागे. ती दवाखान्यापाशीं थांबून परत आणी व खेपेचे १,५०० रुपये घेई. वर्षाच्या खेपा १०४, म्हणजे रुपये १,५६,०००. पासबुकाच्या मागच्या पानावर हा गुणाकार ज्या रात्रीं झाला, त्या रात्रीं गृहस्थांस झोप आली नाहीं.

दुसऱ्याच आठवड्यांत शेजारच्या आळींतून निरोप आला, कीं एक छोटी मोटार विकणें आहे. पेट्रोलची, २०१० सालची, पंचावन्न हजारांत. गृहस्थांस मोटार हांकतां येत होती, परवानाही चालू होता. त्यांनीं पुन्हां पेन्सिल घेतली. वाई ते सातारा जाऊन येऊन सुमारें ७० किलोमीटर. १०४ खेपांचे ७,२८०. लिटरमागें १५ किलोमीटर धरले तर ४८५ लिटर पेट्रोल, म्हणजे एक्कावन्न हजारांच्या आसपास. आनेवाडीचा टोल निराळा. तो मिळवूनही वर्षाकाठीं लाखाच्या घरांत बचत दिसत होती. गाडी एक वर्ष टिकली तरी आपली किंमत फेडून जाणार!

या हिशेबांत चूक नव्हती. त्यांत एक दिवस मात्र धरलेला नव्हता, आणि तो पत्नीनें दाखवून दिला. ती एवढेंच म्हणाली, "अहो, शुक्रवारीं लिंब खिंडींत बंद पडली तर?"

ज्या घरांत असा रोगी नाहीं त्या घरास या प्रश्नाचें वजन समजणार नाहीं. लग्नास निघालेली मोटार वाटेंत अडली तर अक्षता चुकतात. कचेरीस निघालेली अडली तर साहेबांचे दोन शब्द ऐकावे लागतात. डायलिसिसची पाळी चुकली तर शरीरांत पाणी सांचत जातें, रक्तांतील पोटॅशियम वाढतें, आणि तें हृदयावर जातें. तेव्हां ही मोटार स्वस्त कीं महाग हें तिच्या किंमतीवरून ठरणार नव्हतें. ती ज्या दिवशीं चालणार नाहीं त्या दिवशीं काय करावयाचें, यावर तें ठरणार होतें.

गृहस्थांनीं मग बैल पाहण्याची रीत धरली. विकणाऱ्याचा नव्हे, आपल्या ओळखीचा एक मिस्त्री बरोबर घेतला आणि सकाळीं सहा वाजतां, आधीं न कळवितां, ते त्याच्या दारांत उभे राहिले. मिस्त्रीनें पहिलें काम केलें तें बॉनेटवर पालथा हात ठेवण्याचें. तें थंडगार होतें. गरम इंजिन आपले पुष्कळसे रोग झांकतें. गिऱ्हाईक यावयाच्या आधीं गाडी सुरू करून ठेवणारे विक्रेते असतात ते याचसाठीं. किल्ली फिरविली, इंजिन दुसऱ्या खेपेस लागलें. धूर निळसर असता तर इंजिन ऑइल खात आहे असें ठरलें असतें. पांढरा धूर बराच वेळ निघत राहता तर पाणी आंत उतरत असल्याचा संशय घ्यावा लागला असता. तसें कांहीं नव्हतें. ऑइलचें झांकण उघडून पाहिलें. त्याच्या आंतल्या बाजूस दह्यासारखी साय धरलेली नव्हती. येथवर जनावर निरोगी होतें.

चारही टायर मात्र वरून काळे कुळकुळीत, आणि बाजूस कोरलेला आंकडा २३१४. म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील. नक्षी शिल्लक होती, पण अकरा वर्षांचें रबर तें! बारीक भेगा नखालाही लागत होत्या. किलोमीटरचा कांटा ४८,००० दाखवीत होता. परंतु क्लचच्या पायपट्टीचें रबर झिजून गुळगुळीत झालेलें. मिस्त्री हंसला आणि म्हणाला, "काका, कांटा मागें फिरवतां येतो, पायपट्टी नाहीं फिरवतां येत." इंजिनाचा टायमिंगचा पट्टा केव्हां बदलला होता तें विकणाऱ्यास सांगतां येईना. ज्याची तारीख ठाऊक नाहीं तो पट्टा बदलला नाहीं असेंच धरावें, हा मिस्त्रीचा दंडक. कारण तो तुटण्यापूर्वीं सूचना देत नाहीं आणि तुटला म्हणजे गाडी जागच्या जागीं उभी राहते. टायर १२,०००, बॅटरी ४,०००, पट्टा व त्याबरोबरचें काम ६,०००, ब्रेक ३,५००. बेरीज २५,५००. पंचावन्नाचे साडेऐंशी हजार झाले.

एवढ्यावर पुष्कळ लोक सौदा करतील, आणि मोडतीलही पुष्कळ. खरी गोष्ट निघाली ती कागदांत. नोंदणीचें पुस्तक पाहतां पहिली नोंदणी जुलै २०१० ची. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. म्हणजे हिची मुदत दोन महिन्यांनीं संपत होती. पुढें पांच वर्षांचें नूतनीकरण हवें, त्याकरितां गाडी तपासणीस न्यावयाची, ५,००० रुपये शुल्क भरावयाचें (१ एप्रिल २०२२ पूर्वीं हें शुल्क ६०० होतें), आणि वर पर्यावरण कर. किंमत इतकी कमी कां, याचें उत्तर येथें होतें. विकणाऱ्यानें तें आपण होऊन सांगितलें नव्हतें.

त्याहून वाईट म्हणजे पुस्तकावर त्याचें नांवच नव्हतें. तेथें कोरेगांवच्या एका शिंप्याचें नांव होतें. त्या शिंप्यानें सहा वर्षांपूर्वीं गाडी विकली, कोऱ्या अर्जांवर सह्या दिल्या, आणि ते अर्ज दोन हातांतून फिरत येथवर आले. "सह्या आहेत ना! नांव काय, केव्हांही चढवतां येईल," विकणारा म्हणाला. मोटारीच्या बाजारांत "केव्हांही" या शब्दानें जितकीं घरें अडचणींत आलीं असतील तितकीं फुटलेल्या इंजिनांनींही आलीं नसतील. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५० वें कलम सांगतें, कीं त्याच राज्यांतील विक्री असेल तर विकणाऱ्यानें ती चौदा दिवसांत कळवावी. न कळविल्यास काय होतें तें ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका खटल्यांत स्पष्ट केलें. तेथेंही मोटार अशीच हातोहात गेली होती व पुढें अपघात झाला होता. नोंदवहींत ज्याचें नांव, तोच कायद्यानें मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असा निर्णय झाला.

गृहस्थ एस. टी.नें कोरेगांवास गेले. शिंपी दुकानांतच भेटला. गाडी अजून आपल्या नांवावर आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. सहा वर्षें तो यंत्रावर पाय मारीत बसला होता, आणि तेवढा काळ कोणी अनोळखी मनुष्य त्याचें नांव घेऊन रस्त्यावरून धांवत होता. एखाद्या रात्रीं त्या मोटारीखालीं कोणी सांपडतें तर नोटीस याच दुकानाच्या दारीं आली असती. हें समजल्यावर त्यानें हातांतलें कापड खालीं ठेविलें व कांहीं वेळ बोललाच नाहीं. मग म्हणाला, "दादा, तुम्ही घ्या अगर न घ्या; माझं नांव तेवढं काढा. म्हणाल त्या दिवशीं येतों."

आतां सौदा करण्यास हरकत नव्हती. गृहस्थांनीं मिस्त्रीची यादी, नोंदणीची तारीख आणि शिंप्याची गोष्ट, तिन्ही विकणाऱ्यापुढें मांडलीं. पंचावन्नाचे चाळीस हजार झाले, आणि पैसे द्यावयाचे ते परिवहन कचेरींत नांव चढविण्याचा अर्ज दाखल झाल्यानंतर, असें ठरलें. गाडीवर दोन जुने दंड निघाले. ते विकणाऱ्यानें भरले. विमा गृहस्थांच्या नांवानें नवा घेतला. मुदत संपण्याच्या आधींच तपासणी होऊन गाडीस पांच वर्षें मिळालीं. टायर, पट्टा, ब्रेक यांचें काम मिस्त्रीनें त्यापूर्वींच उरकलें होतें.

पत्नीच्या प्रश्नाचें उत्तर मात्र कोणत्याच कागदांत नव्हतें. पहिला सबंध महिना मंगळवारीं व शुक्रवारीं भाड्याचीच मोटार दारांत आली. आपली गाडी गृहस्थ एकटेच एक दिवसाआड पहाटे काढीत, पांचवडवरून खिंड चढून दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेत आणि रिकामी परत आणीत. पांचव्या आठवड्यांत एका मंगळवारीं पत्नी तींत बसली. समोरच्या कप्प्यांत पाण्याची बाटली होती, आणि एका पुठ्ठ्यावर टपालखात्याच्या वळणदार अक्षरांत भाड्याच्या मोटारवाल्याचा नंबर लिहिलेला होता. तो वाचून तिनें कप्पा लाविला आणि म्हणाली, "चला आतां, उशीर होईल."