ओटा कुणाच्या नावावर?



इकडं येताना मी मुद्दाम कळंबच्या बाजारतळावरून चालत आलो. बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळं पालं ठोकलेल्या खुंट्यांची भोकं आणि चार मोकाट जनावरं एवढंच दिसलं. बाजारादिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते. शिराढोण, ईटकूर, मोहा, खामसवाडी इथली माणसं येतातच, मांजरा ओलांडून केजकडचीही येतात.

माझी आई वीस वर्षं अशाच एका बाजारात मेथी-शेपू घेऊन बसली. पहाटे डोक्यावर पाटी घेऊन पहिली एस.टी. धरायची आणि उतरल्यावर आधी पोतं अंथरायचं. पोतं अंथरलं की तेवढी जागा तिची, संध्याकाळपर्यंत. तहबाजारीची पावती फाडणारा यायचा. ती पावती ती पदराच्या गाठीला बांधायची आणि घरी आल्यावर देवळीत ठेवायची. वडील गेल्यावर मी त्या पावत्यांचा गठ्ठा चाळला. प्रत्येक पावतीवर रक्कम होती, बऱ्याचशांवर तारीख होती. नाव एकीवरही नव्हतं. वीस वर्षं पैसे भरणारी बाई त्या बाजाराच्या दप्तरात कुठंच नव्हती. मला आज जे सांगायचं आहे, ते त्या गठ्ठ्यातून आलेलं आहे.

लहान धंदेवाल्यांसाठी बाजार उभारायचा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं इमारत येते. मराठवाड्यातल्या एका गावात मी अशी इमारत उभी राहताना पाहिली. जुनी बसायची जागा मोकळी केली, दोन मजली गाळे बांधले, गाळ्यांचा लिलाव झाला. डिपॉझिट लाखांत होतं. माळवं विकणाऱ्या एकाही बाईला गाळा मिळाला नाही. मिळणार कसा? तिचं सगळं भांडवल सकाळी पाटीत असतं आणि संध्याकाळी कनवटीला. गाळ्यांत कापड आणि मोबाईलची दुकानं आली. बाया गटाराच्या कडेला, पूर्वीपेक्षा अरुंद जागेत बसू लागल्या. गावाची शोभा वाढली असं भाषणात सांगितलं गेलं. मी ते भाषण ऐकलं आहे.

हा खर्च कुणासाठी, असा प्रश्न विचारणारा पहिला माणूस मी नव्हे. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात भव्य मंडई बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी त्या खर्चाला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडं जावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडई झालीच. १८८६ साली ती रे मार्केट या नावानं उघडली आणि पुढं आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं तिला फुल्यांचंच नाव मिळालं. आज ती अष्टकोनी इमारत पुण्याचं भूषण आहे, तिथल्या गाळ्यांवर कित्येक पिढ्या जगल्या आहेत, हेही खरं. तरीही जोतीरावांचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण खर्च कुणासाठी, हे त्यांनी बांधकामाच्या आधी विचारलं. आपण ते उद्घाटनानंतर विचारतो.

आता विकणाऱ्यांसाठीच उभारलेल्या बाजाराचं जरा लांबचं उदाहरण सांगतो. अमेरिकेत मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांतून पोटासाठी आलेली, घरात स्पॅनिश बोलणारी लाखो माणसं आहेत. त्यांना तिथं लॅटिनो म्हणतात. शेतात, हॉटेलांच्या मोऱ्यांत, बांधकामावर राबणारी माणसं. आपल्या ऊसतोड्यांसारखीच घरदार मागं ठेवून आलेली. त्यांच्यातल्या बाया घरच्या चुलीवर पदार्थ करून ओळखीपाळखीत विकायच्या. मिनियापोलिस शहरात या लोकांनी १९९९ साली 'मेर्काडो सेंट्राल' नावाचा बाजार उघडला. बाजार उघडण्याआधी धंदा करू पाहणाऱ्यांचे वर्ग त्यांच्याच भाषेत घेतले गेले : हिशेब, भाव, उधारी, परवाना. आणि बाजार सहकारी ठेवला. तिथं विकणारेच त्याचे सभासद. पोर्टलंड शहरात २०१५ साली असाच दुसरा बाजार झाला, जुन्या मोटारी विकायच्या पडीक जागेवर. तिथं एक सामाईक स्वयंपाकघर बांधलं. ज्या बाईजवळ परवान्याला लागतं तसं स्वयंपाकघर नाही, तिनं तिथं येऊन माल करायचा आणि तिथूनच विकायचा.

मला ते सामाईक स्वयंपाकघर फार मोलाचं वाटतं. आपल्याकडं काय नाही? येसर आहे, शेंगाचटणी आहे, कडक भाकरी, कुरडया, सांडगे आहेत. शेजारी भूम तालुक्यात कुंथलगिरीचा खवा-पेढा आहे, त्याचं नाव सगळा महाराष्ट्र घेतो. बचत गटाच्या बाया हे सगळं करतात, आणि जिल्ह्याच्या प्रदर्शनात वर्षातून चार दिवस विकतात. उरलेले दिवस काय? गावातला दुकानदार घेतो, पण पाकिटावर अन्न परवान्याचा नंबर मागतो. तो नंबर असलेला माल मोठ्या कारखान्याचा असतो. म्हणून आमच्या शेंगांच्या मुलखात चटणीची पाकिटं बाहेरून येतात. एक पत्र्याची शेड, धुता येईल अशी फरशी, पाणी, दोन मोठ्या शेगड्या, एक भरडायची गिरणी, पाकीट बंद करायचं यंत्र आणि गटांच्या नावावर परवाना. याला दोन मजली इमारतीचा खर्च लागत नाही.

शेळीबाजाराचंही बोललं पाहिजे, कारण आमच्या बायांची खरी ठेव तिथं उभी असते. आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं देशभर ओळखली जाते ती उस्मानाबादी शेळी. काळी, काटक, बहुतेकदा जुळी देणारी, दुष्काळात कडब्यावाचूनही तगणारी. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. पोराची फी, दवाखाना, लेकीची पहिली दिवाळी, सगळं तिच्यावर निघतं. पण सांभाळते बाई आणि विकायला जातो गडी, किंवा दारात आलेला व्यापारी कमरेवर हात दाबून अंदाजानं भाव सांगतो. जनावरांच्या बाजारातला जुना सौदा तुम्हाला ठाऊक आहे : रुमालाखाली हात, बोटांवर भाव. त्या रुमालाखाली बाईनं हात घालायचा नसतो. बाजारतळावर एक वजनकाटा ठेवला आणि जिवंत वजनाचा दिवसाचा भाव फळ्यावर लिहिला, तर बाई स्वतः शेळी घेऊन येईल आणि किलोवर बोलेल. काट्याला भीड नसते.

भांडवलाचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्ही रोज भोगता. बाजारात सकाळी हजार घेऊन संध्याकाळी अकराशे परत करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. साताऱ्याकडच्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा संस्थापक बायांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला. बाया शिकू लागल्या, आणि दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा म्हणाल्या, वाचता येत नसेल, हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. फेरीवाल्यांसाठी केंद्र सरकारनं २०२० साली स्वनिधी योजना आणली, तेव्हा पहिलं कर्ज १० हजारांचं होतं. पण तिथंही पहिला प्रश्न हाच, की तुम्ही फेरीवाले आहात याचा कागद कुठं आहे? पुन्हा माझ्या आईची पावती.

म्हणून मी कायद्याकडं येतो. हे जरा लक्ष देऊन ऐका, कारण ही आपल्या हातातली गोष्ट आहे. २०१४ साली संसदेनं पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्यात म्हटलं आहे की नगर परिषदेनं विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, आणि दर पाच वर्षांनी किमान एकदा पुन्हा करायचं. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. म्हणजे २५ हजार वस्तीचं गाव असेल तर ६२५ जणांना. प्रत्येकाला विक्रीचं प्रमाणपत्र द्यायचं, त्याच्या नावावर. नगर पथविक्रेता समिती नेमायची आणि तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. आणि ५० वर्षांहून जास्त काळ एकाच जागी भरत आलेल्या बाजारातल्या विक्रेत्यांना तिथून हलवायचं नाही. मराठवाड्यातले कितीतरी आठवडी बाजार निजामाच्या राज्यापासून भरतात. या तरतुदीवर आपल्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा?

नाव दप्तरात आलं की काय होतं, ते मणिपूरला पाहावं. इंफाळच्या इमा कैथेलमध्ये, म्हणजे आयांच्या बाजारात, हजारो बाया बसतात. पुरुषाला तिथं विक्रीची जागा मिळत नाही. जागा आईकडून लेकीला किंवा सुनेला जाते. या बाजारातल्या बाया १९३९ साली तांदळाच्या निर्यातीविरुद्ध सरकारपुढं उभ्या राहिल्या. जागा त्यांची होती, म्हणून आवाजही त्यांचा होता, असं मी मानतो.

आपल्याला माणसं जमवायला कुणी शिकवायची गरज नाही. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, तेव्हा बांगड्यांची, खेळण्यांची, पेढ्याची केवढी दुकानं उभी राहतात! कुणी आर्किटेक्ट लागत नाही. कळंबच्या बाजारतळाला सावलीचे ओटे हवेत, पाणी हवं, काटा हवा, आणि बायांसाठी मुतारी हवी. हे शेवटचं मी मुद्दाम मोठ्यानं बोलतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी न पिता बसणाऱ्या बाया या गावाला माळवं पुरवतात. आणि प्रत्येक ओट्याला नंबर, नंबरापुढं नाव. लिलाव नको, जी आज तिथं बसते तिचं नाव.

माझी एकच विनंती आहे. या सभागृहात शिक्षक आहेत, वकील आहेत, महाविद्यालयातली मुलं आहेत. येत्या बाजारादिवशी दोघा-दोघांनी वह्या घेऊन तळावर जा. पोत्यावर बसलेल्या प्रत्येकीचं नाव, गाव, माल आणि किती वर्षं बसते ते लिहून घ्या. मग नगर परिषदेत जाऊन सर्वेक्षणाची यादी मागा आणि तुमच्या वहीशी ताडून पाहा. जिचं नाव यादीत नसेल, तिचा अर्ज तिथंच टेबलावर बसून लिहून द्या, आणि अर्ज मिळाल्याची पोच तिच्या हातात द्या, तिच्या नावाची.