घराचा नेम

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कळंब, तालुका आंबेगाव, येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस ‘पर्यावरण आणि आपले घर’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही पडलो जुन्या अकरावीचे मॅट्रिक. विज्ञानाचे पंडित आम्ही नव्हे. उभा जन्म प्राथमिक शाळेत पाढे, बेरीज-वजाबाकी आणि परिसर अभ्यास शिकविण्यात गेला, तेवढीच शिदोरी आमच्यापाशी आहे. तेव्हा ध्रुवावरचे बर्फ आणि आकाशातील वायू हे विषय त्यातील जाणकारांवर सोपवून आम्ही उंबरठ्याच्या आतलेच बोलणार आहोत.

परिसर अभ्यासाची एक गंमत सांगतो. या विषयात पैकीच्या पैकी गुण मिळविणारी मुले गोळीचा कागद वर्गाच्या खिडकीतून बाहेर टाकीत. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘पर्यावरणाचे रक्षण करावे’ हे वाक्यच एवढे मोठे आहे की ते कोणाच्या हातात मावत नाही. जे हातात मावत नाही ते उत्तरपत्रिकेत लिहावे आणि विसरून जावे, असेच मोठी माणसेही करीत आली आहेत.

परंतु हातात मावेल असा निश्चय करण्याची रीत आपल्या घरांना नवी नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की आपल्या आज्या नेम धरीत. कोणी वांगे सोडी, कोणी कांदा-लसूण वर्ज्य करी, कोणी पानात वरून मीठ घेत नसे. त्या नेमात काय सोडावयाचे ते नेमके ठरलेले असे. कार्तिकी एकादशीपर्यंतची मुदतही ठरलेली असे. घरातील लहानथोरांना तो ठाऊक असल्यामुळे चोरून मोडण्याची सोय नसे. ‘यंदा मी जरा बरे वागेन’ असा नेम कोणा आजीने धरल्याचे आम्ही ऐकले नाही. पाणी, इंधन आणि केरकचरा यांच्या बाबतीत घराघराने असाच नेमका, मुदतीचा आणि सर्वांना ठाऊक असलेला नेम धरावा, हे आमच्या आजच्या बोलण्याचे प्रयोजन आहे.

पाण्यापासून आरंभ करू, कारण आपण घोड नदीच्या काठी बसलो आहोत. उन्हाळ्यात या नदीला जे पाणी दिसते ते डिंभे धरणातून सोडलेले असते. त्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. बाबू गेनू आपल्याच परिसरातील महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणीत काम करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेल्या मोटारीसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. परदेशी कापड घरात आणावयाचे नाही, हा त्या काळी हजारो कुटुंबांनी धरलेला नेम होता. घरात एखादी वस्तू न आणणे हीसुद्धा केवढी मोठी गोष्ट होऊ शकते, हे आपल्या तालुक्यास दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही.

आणि त्या जलाशयाच्या तळाशी काय आहे? ज्या गावाचे नाव आपल्या तालुक्यास आहे, ते जुने आंबेगाव. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो आणि मूळ आंबेगाव पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या देवळांचे अवशेष वर येतात आणि तेथून उठलेली मंडळी आपल्या गावाची जागा पाहण्यास जातात. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणाऱ्या आदिवासी बांधवांच्या कित्येक वाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट चालते. धरण त्यांच्या उशाशी आणि पाणी आपल्या उसाला, कांद्याला आणि अंगणात फिरणाऱ्या रबरी नळीला. धरण नको होते असे आम्ही म्हणत नाही. त्या पाण्याने आपली पोरे शिकली, घरे उभी राहिली. परंतु ज्या पाण्यापायी एक गाव बुडाले, ते पाणी अंगणात ओतताना हात थोडा तरी अडखळावा, एवढी आमची अपेक्षा आहे.

आता हिशेब. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घरास २७५ लिटर झाले. गळक्या नळाविषयी फार उपदेश होतो, म्हणून प्रथम तोच मोजू. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाचे ८६,४०० थेंब म्हणजे सव्वाचार लिटरांच्या आसपास होतात. आता दारातील मोटारीस जोडलेली नळी घ्या. तिच्याखाली वीस लिटरांचा डबा धरून घड्याळ पाहा. डबा मिनिटात भरला, तर गाडी धुण्याच्या दहा मिनिटांत २०० लिटर गेले, म्हणजे त्या घराच्या दिवसाच्या वाट्यातील पाऊण हिस्सा गाडीच्या अंगावरून वाहून गेला. नळाचा वायसर जरूर बदलावा. तथापि नेम धरावयाचा तर आधी नळीचा धरावा. चार महिने गाडी बादलीने आणि फडक्याने धुवावयाची आणि अंगण झाडूनच काढावयाचे, असा तो नेम असेल.

पाण्याचा हिशेब ही पोकळ कल्पना नव्हे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखाली पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस किती पडला, विहिरींत किती उतरला हे मोजावयाचे, माणसांचे आणि गुराढोरांचे पाणी आधी बाजूस काढावयाचे आणि उरलेल्यावर कोणती पिके घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरवावयाचे. उसाला त्यांनी आवर घातला. शेतीसाठी विंधन विहिरी घेणे बंद केले. पवारांना २०२० साली पद्मश्री मिळाली. आपल्या भागात उसाविषयी असे बोलणे अनेकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. तो विषय आज घेत नाही. गावाला जे साधले ते निदान एका घरास साधू नये काय, एवढेच विचारतो.

इंधनाच्या बाबतीतही मोठे छिद्र आधी शोधावे. नऊ वॅटचा एक दिवा एक युनिट वीज खाण्यास सुमारे १११ तास घेतो. पाणी तापविण्याचा दोन हजार वॅटचा गीझर तेवढीच वीज अर्ध्या तासात खातो. अनेक घरांत दिव्याच्या बटणावरून मुलांना रागे भरणारे वडील गीझर लावून वर्तमानपत्र वाचीत बसलेले दिसतात! ज्यांच्या घरावर गच्ची आहे त्यांनी सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविण्याचे यंत्र बसविण्याचा विचार करावा. ज्यांना तो खर्च झेपत नाही त्यांनी गीझरच्या वेळेचा नेम करावा.

गॅसचे सिलिंडर १४.२ किलोचे असते. ते चाळीस दिवस पुरत असेल आणि पंचेचाळीस दिवस पुरू लागले, तर वर्षाला एक सिलिंडर वाचते. तेवढा गॅस जळताना सुमारे ४२ किलो कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो, तोही टळतो. पाच दिवस कोठून आणावयाचे, ते भगिनींना आम्ही काय सांगावे? डाळ आधी भिजत घालणे, पातेल्यावर झाकण ठेवणे, ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ न देणे ही त्यांचीच विद्या आहे. मात्र पाहुण्याला तीनदा चहा करावयास लावणारी पुरुषमंडळीही या पाच दिवसांत भागीदार आहेत, हे नोंदवून ठेवतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. घरातील चांगले नेम पुरुषांनी बोलून दाखवावयाचे आणि स्त्रियांनी पाळावयाचे, अशी आपल्याकडे रूढी पडली आहे. ‘जुन्या काळी सारे पर्यावरणाला धरूनच होते’ असेही भाषणांतून वारंवार ऐकू येते. राखेने भांडी घासीत, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत, काही वाया जात नसे, हे खरे. पण त्याच काळी आमच्या आयांच्या डोक्यावर हंडे होते आणि डोळ्यांत चुलीचा धूर होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून घरी आलेल्या बाईला पुन्हा पाण्यासाठी विहिरीवर जावे लागे. ते दिवस परत आणावेत असे ज्याला वाटते त्याने आठ दिवस स्वतः चूल फुंकावी. गॅस सोडून बाईने पुन्हा लाकडे फोडावीत, असा नेम आम्ही कोणासही सुचविणार नाही. कापडी पिशवी बरोबर नेणे, ओला आणि सुका कचरा वेगळा करणे, गाडी बादलीने धुणे ही कामे नेम सुचविणाऱ्याने स्वतःकडे घ्यावीत. ज्या नेमाने घरातील एकाच माणसाची पाठ वाकते तो नेम श्रावण संपण्याच्या आत मोडतो.

ओल्या कचऱ्याविषयी थोडे. भाजीची देठे आणि साली परसात खड्डा करून पालापाचोळ्याबरोबर कुजविल्या की खत होते, हे शेतकऱ्याच्या घरी सांगावयास नको. खरकटे आणि शिळे अन्न यांवर चालणारा घरगुती गॅसचा छोटा संच पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने तयार केला आणि त्याबद्दल त्या संस्थेस २००६ साली परदेशातील ॲश्डेन पारितोषिक मिळाले. आपल्याच जिल्ह्यातील देहू येथे डॉ. मापुसकर हे सरकारी दवाखान्यात आले आणि संडास व त्यास जोडलेला गोबरगॅस यांसाठी घरोघर फिरत तेथेच राहिले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एक एक घर मोजीत गाव पालटण्यास त्यांची दशके गेली. प्लास्टिकची पिशवी मात्र कोणीही चुलीत किंवा बंबात घालू नये. तिचा धूर विषारी असतो आणि तो प्रथम आपल्याच नाकात जातो.

आता ज्यासाठी आम्ही मुद्दाम उभे राहिलो त्याकडे येतो. वर सांगितलेले नेम ज्याचे त्याने धरावेत. एक नेम मात्र एकट्याने धरता येत नाही, आणि तो म्हणजे लग्नातील पंगतीचा. हजार माणसांच्या लग्नात माणशी एक ताटली, दोन पेले आणि पाण्याची एक छोटी बाटली धरली, तरी चार हजार वस्तू एका दुपारी उकिरड्यावर जातात. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशा वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे यांवर देशभर बंदी आहे. तरी कार्यालयामागील ओढ्यात काय दिसते ते आपण सर्व जाणतो. कायद्याहून मोठा धाक व्याह्यांचा असतो. स्टीलच्या पेल्यात पाणी दिले तर ‘मुलीच्या बापाने हात आखडता घेतला’ असे कोणीतरी म्हणेल, या भयाने शहाणा माणूसही बाटल्यांची खोकी उतरवून घेतो. त्या बापाने एकट्याने धैर्य दाखवावे असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. येथे मंडळाने त्याच्या पाठीशी उभे राहावे.

हे नवीन नाही. पूर्वी गावोगावी समाजाची भांडी असत. मोठी पातेली, घंगाळी, परातींचे ढीग देवळात किंवा पंचांच्या घरी ठेवलेले असत. ज्याच्या घरी कार्य असेल तो ते मोजून नेई आणि घासून, मोजून परत करी. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या पंगतीत तेच पातेले चढे, त्यामुळे भांड्यांवरून कोणाचा कमीपणा दिसत नसे. मंडळाने पुन्हा पाचशे ताटे, पाचशे वाट्या आणि हजार पेले स्टीलचे घ्यावेत, दोन पंगतींत हजार पाने उठतील. नाममात्र भाड्याने ती समाजातील प्रत्येक घरास द्यावीत, आणि मंडळाच्या नावाने छापील पत्रक काढून लग्नपत्रिकेसोबत पाठवावे. मग ‘हा आमच्या मंडळाचा नियम आहे’ असे सांगून मुलीच्या बापास मान ताठ ठेवता येईल. भांडी घासण्यास पाणी लागेल हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. ते पाणी तीन टाक्यांतून क्रमाने वापरून बागेला सोडता येते. प्लास्टिक कोठेच सोडता येत नाही. घासण्याची मजुरीही रोख आणि पुरेशी द्यावी. तेथे काटकसर करू नये.

हा ठराव म्हणून आम्ही चिटणीसांकडे लेखी दिला आहे. विरोध करणाऱ्यांनी आजच उभे राहून बोलावे. पंगतीत बसल्यावर बोलू नये.

राहिली घरच्या नेमांची नोंद. त्यासाठी नवी वही नको. भिंतीवरच्या कालनिर्णयात आपल्या भगिनी दुधाचा खाडा आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहीतच असतात. त्याच चौकटीत महिन्याच्या पहिल्या तारखेस विजेच्या मीटरचा आकडा लिहावा. गाडी नळीने धुतली त्या दिवशी फुली करावी. आषाढी ते कार्तिकीचे आकडे एका कागदावर उतरवून, घराचे नाव न घालता, पुढील मेळाव्यात दारापाशी ठेवलेल्या पेटीत टाकावेत. ज्यांचे आकडे कमी होण्याऐवजी वाढले असतील त्यांनीही कागद अवश्य टाकावा. घरात बाळंतपण असेल, आजारपण असेल, पाहुणे असतील, तर तसे दोन शब्दांत लिहावे. बेरीज करण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेतो. तेवढे गणित अजून येते.