टेकडी, इस्पितळ आणि कुंपण



वॉशिंग्टन शहरात अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या पूर्वेला एक टेकडी आहे. तिच्या कडेला 'द पॉइंट' नावाची जागा आहे. तिथे उभे राहिले की खाली अ‍ॅनाकोस्टिया आणि पोटोमॅक यांचा संगम दिसतो आणि पलीकडे राजधानीचे घुमट, मनोरे. संगम म्हटला की घाट, देऊळ, धर्मशाळा हे आपल्याकडचे समीकरण. अमेरिकेने आपल्या राजधानीतली संगमावरची ही जागा मनोरुग्णांना दिली होती. पुढे त्याच टेकडीवर देशातल्या सर्वांत कडेकोट बंदोबस्ताच्या सरकारी कचेऱ्या आल्या. या दोन गोष्टींच्या मध्ये पर्यावरणीय परिणामांचा एक भला मोठा आढावा आहे. आजच्या भाषणाचा विषय तो आढावा आहे.

मनोरुग्णांच्या हालांविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या डोरोथिया डिक्स यांच्या पाठपुराव्यामुळे १८५२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या इस्पितळासाठी एक लाख डॉलर मंजूर केले. तुरुंगांत आणि तळघरांत डांबलेली माणसे या बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. टेकडीचा मालक थॉमस ब्लॅग्डेन सरकारने देऊ केलेल्या २५,००० डॉलरना जमीन सोडायला तयार नव्हता. डिक्स त्याला जाऊन भेटल्या आणि तो तयार झाला. १८५५ मध्ये इस्पितळ सुरू झाले.

त्याच्या मुख्य इमारतीचा, सेंटर बिल्डिंगचा, आराखडा थॉमस वॉल्टर यांनी केला. कॅपिटॉल या संसदभवनाचा आजचा लोखंडी घुमट ज्यांचा, तेच हे वॉल्टर. मांडणीमागची कल्पना मात्र वैद्यकातली होती. थॉमस कर्कब्राइड या डॉक्टरांचे म्हणणे असे, की ऊन, वारा, झाडी आणि लांबवर जाणारी नजर यांनी अस्वस्थ मन निवते. म्हणून इमारतीची दालने एका रेषेत न ठेवता पायरीपायरीने मागे सरकवलेली. प्रत्येक कक्षाला उजेड मिळावा आणि खिडकीतून काहीतरी हिरवे दिसावे. विटा त्याच टेकडीच्या मातीच्या. या आवारात वारसा म्हणजे केवळ जुन्या भिंती नव्हेत. उतार, झाडी आणि नदीचे दर्शन हे तिथले औषध होते. हे ध्यानात घेतले नाही तर पुढचा सगळा वाद निरर्थक वाटेल.

नावाचीही एक कथा आहे. यादवी युद्धात इथे जखमी सैनिक आणले गेले. घरी पाठवलेल्या पत्रांवर वेड्यांच्या इस्पितळाचे नाव लिहायला त्यांना संकोच वाटे. मग ते त्या जमिनीचे जुने नाव लिहीत, सेंट एलिझाबेथ. हेच नाव रूढ झाले आणि १९१६ मध्ये सरकारनेही ते मान्य केले. युद्धाच्या काळात याच आवारात कृत्रिम पाय बनवण्याचा कारखाना होता. उतारावरच्या लहानशा दफनभूमीत गोरे आणि काळे सैनिक शेजारी शेजारी चिरविश्रांती घेत आहेत. एझरा पाउंड हा कवी १९५८ पर्यंत सुमारे बारा वर्षे इथे होता. विसाव्या शतकाच्या मध्याला रुग्णांची संख्या सात-आठ हजारांपर्यंत गेली आणि मग मनोरुग्णांना मोठ्या इस्पितळांबाहेर ठेवण्याचे धोरण आल्यावर ती ओसरत गेली. १९८७ मध्ये रस्त्यापलीकडचे पूर्व आवार शहराकडे गेले. १७६ एकरांचे पश्चिम आवार केंद्र सरकारकडे राहिले आणि हळूहळू ओस पडले. १९९० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च मानाचा, दर्जा मिळाला. पण दर्जामुळे छपराची गळती थांबत नाही. २००२ मध्ये वारसा जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने देशातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या अकरा स्थळांच्या यादीत त्याचे नाव घातले.

त्याच सुमारास, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, २२ सरकारी यंत्रणा एकत्र करून होमलँड सिक्युरिटी हे अंतर्गत सुरक्षेचे नवे खाते जन्माला आले. त्याच्या कचेऱ्या राजधानीच्या परिसरात चाळीसहून अधिक ठिकाणी विखुरलेल्या होत्या. मुख्यालय होते नेब्रास्का अ‍ॅव्हेन्यूवर, एका जुन्या मुलींच्या विद्यालयाच्या आवारात. ते आवार नौदलाने १९४२ मध्ये युद्धकाळात ताब्यात घेतले होते आणि मग विद्यालयाला परत दिलेच नाही. सुरक्षेच्या कारणाने घेतलेली जागा परत मिळत नाही, याचा हा दाखला शहराच्या डोळ्यांसमोरच होता.

सरकारी इमारती सांभाळणाऱ्या जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने २००४ च्या अखेरीस पश्चिम आवाराचा ताबा घेतला आणि नव्या खात्यासाठी तीच जागा पुढे केली. मागणी ४५ लाख चौरस फूट कचेऱ्यांची, शिवाय वाहनतळ, कर्मचारी १४,०००. आता इथे दोन कायदे आड आले. एक पर्यावरण धोरणाचा, १ जानेवारी १९७० रोजी सही झालेला. दुसरा ऐतिहासिक वारशाच्या जतनाचा, १९६६ चा. न्यूयॉर्कचे पेन्सिल्व्हेनिया स्थानक पाडले गेले, त्याच्या हळहळीतून या दुसऱ्या कायद्याला मोठे बळ मिळाले होते. दोन्ही कायद्यांचा गाभा एकच. ते सरकारला 'हे करू नका' असे सांगत नाहीत. करण्याआधी पर्याय मांडा, काय बिघडणार ते लिहा, लोकांना दाखवा, त्यांचे ऐका, एवढेच सांगतात. वारशाच्या कायद्यात राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांसाठी एक जास्तीचे कलम आहे: हानी शक्य तितकी कमी करण्यासाठी आधीच नियोजन झाले पाहिजे.

आढाव्याचा मसुदा २००७ मध्ये आला, अंतिम अहवाल नोव्हेंबर २००८ मध्ये. जानेवारी २००९ मध्ये राजधानीच्या नियोजन आयोगाने बृहत् आराखडा मंजूर केला आणि सप्टेंबरमध्ये कुदळ पडली.

या आढाव्याने काय साधले? पुष्कळ साधले, हे आधी मोकळेपणाने सांगायला हवे. वारसा संस्था, शहराचे अधिकारी आणि आसपासचे रहिवासी यांच्या आक्षेपांनंतर ४५ लाखांपैकी सुमारे सात लाख चौरस फुटांचे बांधकाम पूर्व आवारात हलवण्याचे ठरले. चार कर्मचाऱ्यांमागे एकाच गाडीला जागा, असे प्रमाण ठेवले गेले. बहुतेक जुन्या इमारती पाडण्याऐवजी वापरात आणण्याचा निर्णय झाला. याच खात्यातल्या तटरक्षक दलाचे मुख्यालय २०१३ मध्ये पुरे झाले. सुमारे बारा लाख चौरस फुटांची ही इमारत टेकडीच्या माथ्यावर उभी न करता उतारात पायऱ्यापायऱ्यांनी खाली सोडली आहे आणि तिच्या छपरांवर एकरच्या एकर झाडोरा आहे. वरून पाहणाऱ्याला आधी हिरवळ दिसते. कर्कब्राइडला खिडकीतून जे दाखवायचे होते, त्याची थोडीशी जाण या रचनेत उतरली आहे, आणि त्यामागे आढाव्यात झालेली भांडणे आहेत.

सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. या प्रकल्पाने राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाची मोठी हानी होईल, हे प्रकल्प करणाऱ्या सरकारने स्वतःच्या अहवालात स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. नकार देता आला नाही तरी नुकसानाची नोंद झाली. पुढे शेजारच्या उद्यानाच्या जमिनीच्या कडेने नवा रस्ता काढायचा प्रश्न आला तेव्हा, किंवा आराखड्यात बदल झाले तेव्हा, ही नोंद हाताशी होती.

आता दुसरी बाजू. आढाव्याच्या सुरुवातीलाच 'गरज' नावाचे प्रकरण असते. तिथे लिहिले गेले, की कचेऱ्या एका ठिकाणी एकवटल्या पाहिजेत, त्यांचे आकारमान इतके इतके असले पाहिजे, सुरक्षेची पातळी सर्वोच्च असली पाहिजे आणि जागा राजधानीच्या टापूत व सरकारी मालकीची असली पाहिजे. एवढ्या अटी घातल्यावर उत्तर एकच उरते. मग पुढच्या शेकडो पानांत पर्याय म्हणून जे मांडले गेले ते टेकडीवर इमारती कशा मांडायच्या, याचे पर्याय होते. टेकडीवर यायचेच का, हा प्रश्न दाराबाहेर राहिला. रिचर्ड मो तेव्हा नॅशनल ट्रस्टचे अध्यक्ष होते. ट्रस्टने या प्रकल्पाला ठाम विरोध केला तो याच मुद्द्यावर. एवढे मोठे आणि एवढे बंदिस्त काम या स्थळाला पेलणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते बरोबर होते, असे या व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

कारण आवाज, धूळ, वाहतूक, सांडपाणी या सगळ्यांवर उपाय लिहिता येतो. कुंपणावर उपाय नाही. सेंटर बिल्डिंगचे बाहेरचे विटांचे रूप राखून आतून नवी कचेरी उभी केली गेली आणि २०१९ मध्ये खात्याच्या मंत्र्यांचे कार्यालय तिथे आले. इमारत वाचली, हे खरे. पण संगम पाहायला आता नाव नोंदवून, ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या फेरीतच जावे लागते. त्या फेऱ्यांसाठीही वारसा संस्थांना करारात झगडावे लागले. भोवतालची वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची, शहरातली सर्वांत गरीब. तिला या प्रकल्पातून रोजगाराची आशा दाखवली गेली, आणि काँग्रेसमधल्या शहराच्या प्रतिनिधी एलिनॉर होम्स नॉर्टन यांनी त्याच आशेने प्रकल्पाचा हिरिरीने पाठपुरावा केला. ती आशा खोटी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण बंदोबस्ताच्या आवारात माणूस सकाळी आत जातो आणि संध्याकाळी बाहेर पडतो. कोपऱ्यावरच्या दुकानाला त्याचा उपयोग थोडा. शहराने पूर्व आवारात २०१३ मध्ये गेटवे नावाचा मंडप उभारला. खाद्यपदार्थांच्या गाड्या, बाजार, कार्यक्रम यांसाठी, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निदान रस्ता ओलांडून यावे म्हणून.

खर्चाचे एका वाक्यात सांगता येईल: २०१४ मध्ये अमेरिकी सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयाने दाखवून दिले, की काम १० वर्षे लांबून २०२६ पर्यंत गेले आहे आणि अंदाज साडेचार अब्ज डॉलरवर पोचला आहे.

आपल्याकडे याचा संबंध काय? भारताच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांना पर्यावरणीय मंजुरी लागते, पण इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. राष्ट्रीय संरक्षण आणि सुरक्षेच्या प्रकल्पांनाही आहे. म्हणजे ऐतिहासिक आवारात सुरक्षित सरकारी कचेऱ्या उभारायच्या झाल्या, तर सूट दुहेरी. दिल्लीतल्या सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी दोन विरुद्ध एक मतांनी दिला. प्रकल्प मान्य झाला. न्यायमूर्ती संजीव खन्ना यांचे भिन्नमत मुख्यतः लोकसहभाग आणि वारसा समितीची पूर्वमंजुरी यांवर होते. या परिषदेतल्या प्रत्येक तरुण प्रतिनिधीने ते भिन्नमत मुळातून वाचावे.

महाराष्ट्राची परंपरा यापेक्षा चांगली आहे. शहरातल्या वारसा इमारतींसाठी नियम करणारे देशातले पहिले शहर मुंबई. ते वर्ष १९९५. पण ते नियम इमारतीची श्रेणी पाहतात, आवाराचा वापर कोण करतो हे फारसे पाहत नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालये डोळ्यांसमोर आणा. मोठी आवारे, जुनी झाडे, वाढत्या शहरांनी वेढलेली. ठाण्याच्या जागेचा काही भाग नव्या रेल्वे स्थानकासाठी देण्याचे ठरलेही. स्थानकाची गरज खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न असा, की अशा आवारांचे पुढे काय करायचे हे ठरण्याआधी, तिथल्या रुग्णांचे, झाडांचे आणि मोकळ्या जागेचे मोल कोणी कागदावर मांडले आहे का? नसेल, तर ते काम सरकारी आदेशाची वाट न पाहता इथे बसलेल्यांना करता येईल. झाडांची मोजणी, इमारतींचे नकाशे, जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी, आवारातून आज कोण ये-जा करते याची नोंद, एवढे चार महिन्यांत होण्यासारखे आहे.

सेंट एलिझाबेथच्या पूर्व आवाराची कथा अधिक आनंदाची आहे. तिथे कुंपणाची अट नव्हती. घरे आली, खेळाचे सभागृह आले, आणि २०२५ मध्ये त्याच आवारात शहराचे नवे सर्वसाधारण रुग्णालय सुरू झाले. एका रस्त्याच्या दोन बाजू, एकाच इस्पितळाचे दोन तुकडे. एकीकडे ओळखपत्राशिवाय पाऊल टाकता येत नाही, दुसरीकडे आजारी माणूस थेट आत जातो.

या परिषदेच्या अखेरच्या सत्रात ठराव मांडले जातील. त्यांत एक ठराव असा असावा, अशी विनंती आहे: ऐतिहासिक सरकारी आवारात होणाऱ्या कोणत्याही बांधकामाला, मग ते सुरक्षेचे का असेना, जनसुनावणी लागू व्हावी, आणि अहवालाच्या पहिल्याच प्रकरणात, हे काम इथे का, आणि आज तिथे मोकळेपणी जाणाऱ्यांना उद्या जाता येईल का, या दोन प्रश्नांची उत्तरे मराठीत छापलेली असावीत.