ट्यूनिंग केलेलं इंजिन आणि वॉरंटीचं भांडण



विरार पूर्वेला मनवेलपाड्याहून फाट्याकडे निघालं की अहमदाबाद हायवे दूर नाही. वालीव, पेल्हारच्या कारखान्यांचा माल घेऊन टेम्पो आणि ट्रक रात्रंदिवस या रस्त्याला असतात. गाडी कर्जाची, स्टीअरिंगवर मालक स्वतः. अशा माणसाला कुणीतरी सांगतं, ‘ट्यूनिंग करून घे, चढाला गाडी दमणार नाही, अ‍ॅव्हरेजही वाढेल.’ आज बोलायचंय ते या सल्ल्याबद्दल.

ट्यूनिंग दोन तऱ्हेनं होतं. एक, लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कंप्युटरमधला प्रोग्रॅम बदलतात. दुसरी तऱ्हा छोट्या डबीची. डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरमध्ये ही डबी बसवतात. ती कंप्युटरला दाब खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवते. मग पंप दाब आणखी वाढवतो आणि नोझलमधून जास्त डिझेल जातं. पिकअप खरंच वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाढलेली उष्णता जाणार कुठे? पिस्टन बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. भरलेली गाडी घाटात बराच वेळ दाबून चालवली, की पिस्टनच्या माथ्यावर, नेमकी नोझलची धार पडते तिथे, धातू खरवडल्यासारखा होतो. पुढे त्याला भोक पडतं. हेड गॅस्केट उडतं, टर्बोची बेअरिंग जाते, क्लच प्लेट जळते. रिकाम्या गाडीला यातलं काही जाणवत नाही, म्हणूनच माणूस फसतो.

गाडी ओढत वर्कशॉपला नेली की भांडण सुरू होतं. डबी आदल्या रात्री काढून ठेवली तरी कंप्युटरमध्ये फॉल्टच्या नोंदी राहिलेल्या असू शकतात, आणि बदललेला प्रोग्रॅम कंपनीच्या मूळ प्रोग्रॅमशी ताडून पाहता येतो. ट्यूनिंगमुळेच पिस्टन जळला असेल, तर तो खर्च कंपनीनं द्यावा असं मी म्हणणार नाही. शिवाय नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला मान्य नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘गाडीशी छेडछाड झालीय’ एवढं तोंडी सांगून मालकाला परत पाठवणं हा अन्याय आहे. कोणता भाग गेला, कशामुळे गेला आणि कंप्युटरमध्ये नेमकी कोणती नोंद सापडली, हे कंपनीनं लेखी द्यायला हवं. ज्यानं इंजिनाला हातही लावला नाही, त्याच्या माथी हा आरोप आला तर त्यानं मुकाट्यानं बिल भरू नये.

‘ट्रक धंद्याचा, म्हणून तुम्ही ग्राहक नाही,’ असंही ऐकवलं जातं. ते अर्धसत्य आहे. पोटापाण्यासाठी ट्रक घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच आहे, असं सुप्रीम कोर्टानं लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात 1995 साली स्पष्ट केलंय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या भागाच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि सदोष भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे.

म्हणून गाडीमालकांना माझी कळकळीची विनंती आहे. वॉरंटीतल्या गाडीला ट्यूनिंग करू नका. इंजिन खोलण्याआधी कंप्युटरच्या नोंदींची प्रिंट मागा, फोटो काढा. कोऱ्या जॉबकार्डावर सही करू नका. जळलेला पिस्टन भंगारात जाऊ देऊ नका, तोच तुमचा पुरावा आहे. आणि तक्रार कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915.