पाणी ओसरताना बँकॉक

(बालाघाट येथील शरद व्याख्यानमालेतील व्याख्यान)



थायलंडचे हवामान खाते दरवर्षी साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात एक पत्रक काढते. वारा नैर्ऋत्येकडून फिरून ईशान्येचा झाला, पाऊस हटला, उत्तरेकडचे पहाटेचे तापमान उतरू लागले, की खाते जाहीर करते : हिवाळा सुरू झाला. बालाघाटच्या माणसाला हे वाचून हसू येईल. बँकॉकमध्ये ऐन डिसेंबरातही पहाटेचा पारा एकवीस-बावीस अंशांवर रेंगाळतो आणि दुपारी एकतीस-बत्तीस गाठतो. इकडे मलाजखंडला शेकोट्या पेटतात, तेव्हा तिकडे लोक पंखा लावून झोपलेले असतात. त्या शहरात नोंदलेले सर्वांत कमी तापमान ९.९ अंश, तेही जानेवारी १९५५ मधले.

तेव्हा थंडी खायला कोणी बँकॉकला जाऊ नये. तरीही तिथे जायचा महिना नोव्हेंबरच. पावसाचे पाणी ओसरू लागलेले असते, नदी अजून भरलेली असते, आणि जानेवारीतली धूळ यायला अवकाश असतो. एवढ्या फटीतच ते शहर पायी हिंडण्याजोगे होते. धान पिकवणाऱ्या आणि नदीकाठी राहणाऱ्या माणसाला ते याच दिवसांत नीट कळते.

जाणारे पुष्कळ आहेत. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाची अट माफ केली आणि २०२४ या एका वर्षात एकवीस लाखांहून अधिक भारतीय तिथे जाऊन आले. विदर्भ-महाकोशलातून निघणाऱ्या सहलींचा साचा ठरलेला असतो : पट्टायाजवळचे कोरल बेट, सफारी पार्क, रत्नांचे दालन, शेवटच्या दिवशी कपड्यांचा बाजार. बँकॉकच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो आणि तोही बसच्या काचेतून जातो. नागपूर गाठून मुंबईमार्गे जाण्याची पद्धत आहे. पण नकाशा पाहिला तर बालाघाटकराला कलकत्ता सोयीचे. गोंदिया हावडा मार्गावर आहे, आणि कलकत्त्याहून विमान अडीच तासांत बँकॉकला उतरते. मुंबईहून त्याला साडेचार तास लागतात.

कार्तिकात गोंदियाकडे जाताना गाडीच्या खिडकीतून दिसते ते सर्वांना ठाऊक आहे. हलका धान कापून झालेला, त्याचे पुंजणे लागलेले आणि भारी धान अजून बांध्यांत उभा. सुवर्णभूमी विमानतळावर उतरताना खाली जे चौकोन दिसतात तेही भातखाचरांचे आणि मासळीच्या तळ्यांचे. २००६ साली सुरू झालेला हा विमानतळ दलदल भरून उभारलेला आहे. त्या दलदलीला नागांची दलदल म्हणत. आत प्रस्थानाच्या दालनात समुद्रमंथनाचे भलेमोठे शिल्प आहे. देव एका टोकाला, दानव दुसऱ्या टोकाला आणि मध्ये वासुकी. पुरापासून सतत जपाव्या लागणाऱ्या शहराने दारातच पाणी घुसळणारे देव-दानव उभे करावेत, हे मात्र शोभून दिसते.

राम पहिला या राजाने १७८२ मध्ये चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर राजधानी वसवली. ब्रह्मी फौजांनी अयोध्या म्हणजे अयुथ्या ही जुनी राजधानी १७६७ मध्ये उद्ध्वस्त केली होती. नवी राजधानी नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूने खोदलेला कालवा, अशी वसली. पुढे कालव्यांचे जाळे वाढत गेले. सेन सेप कालवा १८३७ ते १८४० या काळात खोदला गेला, तो कंबोडियाच्या मोहिमेवर सैन्य आणि रसद नेण्यासाठी. आज त्याच कालव्यातून नोकरदार माणसे भरधाव नावांतून कचेऱ्या गाठतात. नाव वळली की पाण्याचे शिंतोडे उडतात आणि बाकाच्या कडेचा माणूस सवयीने दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर घेतो.

या शहराला पैसा मिळवून दिला तो तांदळाने. १८५५ मध्ये ब्रिटनशी बाउरिंग करार झाला, तांदूळ बाहेर धाडण्यावरची बंधने उठली आणि चाओ फ्रायाच्या खोऱ्यातली पाणथळ जमीन धानाखाली येऊ लागली. १८९० पासून शहराच्या उत्तरेला रंगसित कालव्यांची योजना झाली, तीही धानासाठीच. नदीकाठी गिरण्या उभ्या राहिल्या आणि गलबते तांदूळ भरून निघू लागली. ज्या सिलोम रस्त्यावर आज बँकांचे मनोरे आहेत, तिथेही एकेकाळी कालवा होता. विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि एकामागून एक कालवे बुजवून रस्ते झाले.

बुजवलेल्या पाण्याने आपला हिशेब २०११ मध्ये मागितला. बालाघाटकराने ऑगस्ट २०२० मधला वैनगंगेचा पूर पाहिला आहे. वरून पाणी सुटले, काही तासांत काठ बुडाले, आणि दोन-तीन दिवसांत सारे भंडाऱ्याकडे वाहून गेले. बालाघाट समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरहून उंच आहे. इथले पाणी थांबत नाही. बँकॉकची सरासरी उंची दीड मीटरच्या आसपास. शिवाय अनेक दशके भूजल उपसल्याने जमीन खचलेली. २०११ मध्ये उत्तरेला पडलेला पाऊस आठवडेच्या आठवडे सपाटीवरून सरकत आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अयुथ्याजवळचे कारखाने बुडाले आणि महिन्याच्या अखेरीस डॉन म्युआंग विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी चढले. तो मार्च २०१२ पर्यंत बंद राहिला. मधले शहर वाचवायला वाळूच्या प्रचंड पिशव्यांचा बांध घातला गेला. बांधापलीकडच्या वस्त्या महिनाभर पाण्यात राहिल्या आणि त्यांचा संताप शहराने पाहिला. देशभरात आठशेहून अधिक माणसे गेली.

पूर नेमका हिवाळ्याच्या तोंडावर का येतो? पाऊस तर तेव्हा संपत आलेला असतो. कारण असे, की उत्तरेचे पाणी खाली उतरायला वेळ लागतो, आणि ते बँकॉकला पोचते त्याच सुमारास समुद्राची मोठी भरती नदीत शिरते. वरचे पाणी खाली जाऊ पाहते, खालचे वर येऊ पाहते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पौर्णिमा-अमावस्येला नदीकाठचे धक्के ओले होतात आणि पूरभिंतींची दारे बंद होतात. साथोर्नच्या धक्क्यावरून केशरी झेंड्याची नाव धरली की हे सगळे बसल्या जागेवरून दिसते. पाणी चहाच्या रंगाचे असते आणि त्यावर जलपर्णीची हिरवी बेटे तरंगत असतात. १९०१ मध्ये जावाहून शोभेसाठी आणलेली ही वनस्पती आता दरवर्षी यंत्रांनी उपसावी लागते.

याच भरलेल्या नदीवर कार्तिक पौर्णिमेला लॉय क्राथोंगचा सण होतो. २०२३ मध्ये ती २७ नोव्हेंबरला आली, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला. आपल्याकडेही पंचांगात कार्तिक पौर्णिमा त्याच दिवशी होती. त्या दिवशी इकडे रामपायलीला चंदन नदीच्या काठी जत्रा भरते आणि वैनगंगेच्या घाटावर दिवे सोडले जातात. तिकडे केळीच्या खुंटाचा चकतीएवढा काप घेऊन त्याला केळीची पाने दुमडून टाचतात, वर फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती लावतात, आणि वर्षभर वापरलेल्या, घाण केलेल्या पाण्याची क्षमा मागून हा क्राथोंग नदीत सोडतात. ही चाल सुखोथाईच्या राजवाड्यातल्या नोप्पामास नावाच्या स्त्रीने सुरू केली अशी कथा सांगतात. इतिहासकार मात्र त्या कथेचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला मानतात.

क्षमा मागितल्यावर नदीत जे साचते, त्याची मोजदाद महानगरपालिका करते आणि हे शिकण्यासारखे आहे. रात्रीच होड्या निघतात, क्राथोंग गोळा होतात, पहाटेपर्यंत वर्गवारी होते आणि सकाळी आकडा जाहीर होतो. २०२३ मध्ये सहा लाखांहून अधिक क्राथोंग निघाले, २०२४ मध्ये पाच लाखांहून अधिक. पूर्वी थर्माकोलचे पुष्कळ असत. आता बहुतेक केळीचे आणि पानांचे असतात आणि त्यांचे खत होते. मधल्या काळात पावाचे क्राथोंग निघाले. मासे खातील असा हिशेब होता. नदीत तो थोडाफार जमला. बागांतल्या तळ्यांत मात्र पाव कुजून पाणी नासले, म्हणून तिथे त्यांना मनाई होऊ लागली.

त्याच सुमारास वाट साकेत या विहाराच्या सुवर्णगिरीवर जत्रा असते. भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडईत हिंडलेल्या माणसाला तिथे परके वाटणार नाही : पाळणे, खाऊची दुकाने, नेमबाजी, कर्ण्यांचा गलबला. फरक एवढाच, की मध्ये एक टेकडी आहे आणि तीनशेहून अधिक पायऱ्या चढून लोक वर जातात. जत्रेआधी शिखरावरच्या स्तूपाला लाल कापड गुंडाळतात. त्यावर घरातल्यांची नावे लिहिलेली असतात. स्तूपात ज्या अस्थी आहेत त्या भारतातल्या. १८९८ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातल्या पिप्राहवा इथे स्तूप खणला गेला, त्यात बुद्धाच्या अस्थींचे करंडक निघाले, आणि ब्रिटिश सरकारने त्यातला भाग सयामचा राजा चुलालाँगकोर्न याला दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या अस्थी आणि आपल्याच सांचीहून सारिपुत्त व मोग्गलान यांच्या अस्थी काही आठवड्यांसाठी थायलंडला गेल्या. बँकॉकच्या राजवाड्यासमोरच्या सनम लुआंग मैदानावर त्यांच्या दर्शनाला लाखोंची रीघ लागली. इथल्या विहारांत वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचन ऐकलेल्यांना आणखी एक खूण पटेल. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि तेव्हापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत भिक्खूंना चीवरदान करण्याचा काळ असतो. २७ ऑक्टोबर २०२४ ला थायलंडचा राजा ५२ नौकांच्या मिरवणुकीने नदीतून वाट अरुणला चीवर घेऊन गेला. त्यातल्या एका नौकेच्या नाळेवर गरुडारूढ नारायण होता.

खाण्याबद्दल सहलीत बरीच धास्ती असते. पपईच्या सॅलडमध्ये सुके झिंगे आणि माशांचे पाणी पडते हे खरे. झाडीपट्टीतल्या झिंगे खाणाऱ्याला त्याची अडचण नाही. शाकाहाऱ्याने पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेले दुकान शोधावे. ऑक्टोबरच्या आसपास चिनी वंशाचे लोक नऊ दिवस ‘जे’चे व्रत पाळतात. त्यात मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. बाकी दिवसांत पाहुरात या कापडबाजारात गुरुद्वाऱ्याच्या आसपास रोटी-भाजी मिळते.

डिसेंबर सरला की ही फट बुजू लागते. चीनकडून आलेली थंड, जड हवा शहरावर बसते. वाहनांचा धूर आणि शेतात जाळलेल्या पेंढ्याचा व उसाच्या पाचटाचा धूर तिच्यात कोंडतो. जानेवारी २०२५ मध्ये धुळीमुळे बँकॉकमधल्या साडेतीनशेच्या आसपास शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि लोकांनी मोटारी घरी ठेवाव्यात म्हणून सरकारने आठवडाभर बस आणि मेट्रो फुकट केल्या. इकडे हार्वेस्टर आल्यापासून बांध्यांत तणस जाळण्याची चाल वाढते आहे. तिचे पुढे काय होते ते तिथे दिसते.

पेंढा उरतो ती कापणी नोव्हेंबरातली; तेव्हा बँकॉकमध्ये टॅक्सीवाल्यांचा तुटवडा जाणवतो. त्यांच्यातले पुष्कळ ईशान्येकडच्या इसान भागातले. रोवणीला आणि कापणीला ते गावी जातात, जसे नागपूर-हैदराबादला मजुरीला गेलेले आपले लोक परततात. तिथे कापणी चाललेली असते ती मुख्यतः होम मली या सुवासिक तांदळाची. १९५०-५१ मध्ये बँकॉकच्या पूर्वेला चाचोएंगसाओ भागातून १९९ लोंब्या गोळा केल्या गेल्या. त्यातून निवडलेला १०५ क्रमांकाचा वाण १९५९ मध्ये शेतकऱ्यांना शिफारस करून देण्यात आला. दिवस लहान झाला की हा धान निसवतो, मग पेरणी थोडी पुढेमागे झाली तरी. भारी धान करणाऱ्याला हे सांगायला नको.

चतुचक बागेजवळच्या ऑर तॉर कॉर बाजारात हा तांदूळ उघड्या पेट्यांत मांडलेला असतो. गिऱ्हाईक मूठभर घेऊन हुंगते. नवा तांदूळ वासाला सरस, पण पाणी कमी घालावे लागते, नाहीतर चिकटतो. परतलेल्या भाताला जुना बरा. बालाघाटातली कोणतीही गृहिणी हेच सांगेल. पण तिथल्या पिशवीवर ‘नवे पीक’ असे ठळक छापलेले असते, अस्सल होम मलीवर सरकारी प्रमाणाची हिरवी मोहोर असते, आणि गिऱ्हाईक त्याचे जास्त पैसे मोजते. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तोही सुवासिक, तोही उशिरा येणारा. वारासिवनी-लालबर्ऱ्याच्या गिरण्यांतून निघणाऱ्या चिन्नोरच्या पिशवीवर कापणीचे साल आणि गावाचे नाव छापायला फार खर्च येणार नाही. सभागृहात गिरणीमालक बसले आहेत; येत्या हंगामात त्यांच्यापैकी एकाने शंभर पिशव्या तशा करून नागपूरच्या बाजारात ठेवल्या, तर गिऱ्हाईक किती जास्त मोजते ते होळीच्या आत कळेल.